बेनिता सालगेरो यांना समक्ष हजर करणेबाबत

प्रति,
मा. सार्वजनिक सुव्यवस्था अधिकारी,
प्रांतिक कार्यालय, मोन्तेल्बा.

विषय : बेकायदा जमावात बसून आदेश मोडल्याबद्दल माझ्या पत्नीस बजावलेली नोटीस.
संदर्भ : आपली नोटीस क्र. ११८, दि. २ ऑक्टोबर २०१७.

महोदय,

मी, फर्मिन ओल्मेदो, वय ७४, राहणार वाल्देसेरा, पूर्वी येथील चित्रपटगृहात यंत्रचालक, आदरपूर्वक कळवितो की, संदर्भातील नोटीस पावली.

१. आमच्या गावचा दवाखाना गेल्या वर्षापासून फक्त मंगळवारी उघडतो. त्यामुळे गावकऱ्यांनी मंगळवारीच आजारी पडावे अशी अपेक्षा असून, बहुतेक जण तसा प्रामाणिक प्रयत्न करतात. याविषयी गाऱ्हाणे मांडण्यासाठी आम्ही दवाखान्यासमोर खुर्च्या टाकून बसण्याची परवानगी मागितली. एरवीही संध्याकाळी वारा खायला आम्ही दारात खुर्च्या टाकतोच. परंतु नव्या कायद्याने सरकारी इमारतीपुढे वीसहून अधिक माणसे म्हणजे जमाव. आपण सात अर्ज फेटाळलेत आणि सातही वेळा कारण एकच दिलेत : "बसलेल्या व्यक्तींमुळे रहदारीस अडथळा." दवाखान्यापुढच्या चौकातली रहदारी म्हणजे सेल्सो यांची गाढवीण आणि पावाची गाडी. तरीही कायदा तो कायदा. अडचण व्यक्तींची आहे ना, मग व्यक्ती आणायच्याच नाहीत, असे गावाने ठरविले.

२. त्यानुसार मे महिन्यात पाका बेकरीवालीच्या गॅरेजात एकेकाला एकाच खुर्चीवर बसवून चित्रीकरण केले. एका वेळी एकच माणूस, म्हणजे जमाव नाही. पुढे २३ सप्टेंबर रोजी दिवेलागणीला, ऑलिव्ह झाडताना खाली अंथरतो त्या दोन जाळ्या चौकातल्या झाडांना बांधून त्यांवर प्रक्षेपण यंत्राने ती बोलती चित्रे टाकली. एकसष्ट गावकरी खुर्च्यांवर हवेत बसलेले दिसू लागले. खरे गावकरी आपापल्या खिडकीत सभ्यपणे उभे होते. चौकात यंत्राजवळ मी एकटा होतो. मी स्वतःला दोनदा मोजले.

३. पोलीस शिपाई तिबुर्सियो आले. ते याच गावचे. सवयीने त्यांनी आधी टोपी काढून सगळ्या चित्रांना "शुभ संध्याकाळ" म्हटले. मग कर्तव्य आठवले, टोपी पुन्हा डोक्यावर गेली आणि ते ओरडले, "उठा! पांगा!" कुणी हलेना. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा दुसऱ्या रांगेतून माझी पत्नी, मांडीवर शेंगांची परात घेऊन, म्हणाली, "थांब रे, एवढ्या शेंगा सोलून होऊ देत. तुला कसली घाई?"

अहवालात याची नोंद "उद्धट उत्तर व आदेशाचा अवमान" अशी झाली आहे. वास्तविक ते वाक्य मला उद्देशून होते. चित्रीकरण झाले, ऊठ आता, असे मी गॅरेजात म्हटले होते. चित्र दर चार मिनिटांनी पुन्हा सुरू होई आणि ती पुन्हा तेच म्हणे. "एकूण नऊ वेळा अवमान" हा आकडा बरोबर आहे. मीही मोजत होतो.

आता नोटिशीतील आदेश : बेनिता सालगेरो यांनी मंगळवार, दि. १७ ऑक्टोबर रोजी सकाळी अकरा वाजता समक्ष हजर राहावे.

महोदय, बेनिता १३ जुलै रोजी अंगणात कोसळली. तिच्या बेजबाबदारपणामुळे तो गुरुवार होता. दवाखान्याला कुलूप होते. मोन्तेल्बाहून रुग्णवाहिका एक तास वीस मिनिटांनी आली. मंगळवारपर्यंत कळ काढ, असे मी तिला परोपरीने विनविले. तिने ऐकले नाही. आयुष्यात तिने घाई केली ती एवढीच.

रांगेतून तिचे चित्र वगळू का, असे पाकाने मला विचारले होते. मी नको म्हणालो. तो गुन्हा माझा, तो मला मान्य आहे.

मात्र नोटीस रद्द करा, अशी माझी मुळीच विनंती नाही. तीन महिने मी दारातली रिकामी खुर्ची बघतो आहे. आणि सरकार शिक्क्यानिशी लिहिते की ती २३ तारखेला चौकात "प्रत्यक्ष हजर" होती! इतके बरे वर्तमान मला या काळात कुणीच दिले नव्हते. तेव्हा आपला अधिकार वापरून तिला १७ तारखेस अकरा वाजता हजर करावेच. मी इस्त्रीचा सदरा घालून नऊच्या बसने येईन. आपल्या बाकावर तिची पाठ धरेल, म्हणून तिची खुर्ची सोबत आणीन. ती आली तर कृपया तिला घाई करू नये.

आणि हे आपल्याच्याने होत नसेल, तर मला एकच ओळ लिहून द्यावी : "बेनिता सालगेरो येऊ शकत नाहीत, कारण त्या दिवशी गुरुवार होता." खाली आपली सही आणि शिक्का. तो कागद मी त्याच जाळीवर, दवाखान्याच्या दारासमोर, झाडाएवढा मोठा करून दाखवीन. एक कागद म्हणजे जमाव नव्हे.

उत्तराची वाट पाहणारा, आपला नम्र,
फर्मिन ओल्मेदो
वाल्देसेरा, दि. ९ ऑक्टोबर २०१७

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) बेनिताचा मृत्यूचा दाखला. आपल्याच कार्यालयाचा आहे, ओळखीचा वाटेल.
३) दवाखान्याच्या दारावरील वेळापत्रकाचे छायाचित्र. गुरुवारचा रकाना कोरा आहे, छपाईची चूक नव्हे.