मी मेलो नाही, गुडघ्याची गोळी खाल्ली होती

गडचिरोली
२० मार्च २००३

श्री. सोमाजीभाऊ यांस,

कमरुद्दीन टेलरचा सलाम आणि रामराम, दोन्ही. (भाऊ फक्त या ओळीपुरता. चौथीत एका बाकावर बसलेल्या माणसाला चार पाने भाऊ म्हणणे मला जमायचे नाही.) रुखमावहिनींना नमस्कार. धान मळून झाला असेल, बैल सुखरूप असतील, असे धरून चालतो.

कारण पत्रास की, मार्कंड्याच्या जत्रेत कमरुद्दीन रक्त ओकून मेला, अशी बातमी तुमच्या गावात पोचल्याचे कळले. तुमच्या गुरुजींनी म्हणे शाळा सुटल्यावर दोन मिनिटे उभे राहून दुखवटाही पाळला. त्यांना माझे आभार कळव. मेलो नाही. रक्त गेले ही गोष्ट खरी, पण ते नाकातून आणि दुसऱ्या वाटेने गेले, तोंडातून नाही. आता पहिल्यापासून सांगतो.

ऑक्टोबरात नागपूरला माझे बायपास झाले हे तुला माहीतच आहे. पायातली शीर काढून छातीत बसवली. (म्हणजे पायजम्याचे कापड काढून कुर्त्याला ठिगळ. आपलाच धंदा. छातीवरचे टाके मी आरशात नीट तपासले आणि पास केले, पायाचे मात्र मी याहून सरळ घातले असते.) ऑपरेशन चांगले झाले, पण नंतर हृदयाची चाल बिघडली. एक ठोका घोड्याचा, दुसरा गाढवाचा. अशा चालीने आत रक्ताची गाठ धरते आणि ती डोक्यात गेली की माणूस लुळा पडतो, म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली. रोज संध्याकाळी सहाला एक. ठरलेल्या दिवशी रक्त तपासायचे. तो आकडा दोन आणि तीनच्या मध्ये पाहिजे. कमी झाला तर गाठ, जास्त झाला तर रक्त थांबत नाही. निघताना डॉक्टर म्हणाले, "मला विचारल्याशिवाय दुसरी कोणतीही गोळी घ्यायची नाही." मी मान हलवली. माप घेताना गिऱ्हाईक हलवते ना, तशी.

घरी आलो तर माझ्या आधी ती सूचना घरात पोचलेली. शाजियाने (धाकटी, डी.एड. करते) कॅलेंडरवर गोळीचे चौकोन आखले. तिची आई सुरय्या हिने टेबलाच्या चारही कोपऱ्यांना कापसाच्या गाद्या बांधल्या, घरातली कात्री, सुया, अडकित्ता पेटीत घालून किल्ली पदराला लावली आणि वस्तरा कुठे नेला तो अजून सापडलेला नाही. परिणामी दाढी वाढली. दाढी वाढली तशी मोहल्ल्यात माझी इज्जत वाढली. ज्यांनी आजवर शिवणाला उशीर झाला म्हणून माझा उद्धार केला, ते अदबीने सलाम करू लागले. एकाने तर मुलाच्या निकाहाची तारीख मला विचारली. मी दाढीवरून हात फिरवला. एवढा मान मला तीस वर्षांत शिलाई मशीनने मिळवून दिला नव्हता.

भाजीचे आणखी वेगळे. हिरव्या भाजीने गोळीचा जोर कमी होतो, पण म्हणून भाजी सोडायची नाही, रोज सारखीच खायची. सुरय्याने त्यासाठी एक वाटी ठरवली. लाखोळीची भाजी दाबून भरायची आणि वर चमचा फिरवून सपाट करायची. मी एकदा अर्धा चमचा जास्त मागितला. ती म्हणाली, "आकडा बिघडला तं मी काय सांगू डॉक्टरले? जिभेले हाड नाई म्हणून?"

असे चार महिने बरे गेले. मग डावा गुडघा दुखायला लागला. शिरेचा त्याच्याशी संबंध नाही, वयाचा आहे. घरी सांगितले असते तर कापसाची पाचवी गादी गुडघ्याला बसली असती आणि जत्रेतले दुकान बंद. महाशिवरात्रीला मार्कंड्यात पोरींच्या फ्रॉकांचे दुकान मी बावीस वर्षे लावतो, ते मला चुकवायचे नव्हते. चौकात एका ओळखीच्या माणसाने खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दिली. "घे ना जी, मी रोज दोन खातो, हरणासारखा पळतो." तो पळताना मी कधी पाहिला नव्हता, तरी घेतल्या. सकाळी एक, दुपारी एक. आणि खरे सांगतो सोमाजी, गुडघा लोण्यासारखा झाला. मी मनात म्हटले, नागपूरच्या डॉक्टरांना शिलाईतले कळते, गुडघ्यातले नाही.

पाचव्या दिवसापासून संडासला काळे व्हायला लागले, रस्त्यावरच्या डांबरासारखे. मी ठरवले, सुरय्याने कारळाची चटणी जास्त घातली असणार. चक्कर यायची, ते ऊन. दम लागायचा, ते वय. प्रत्येक गोष्टीला माझ्याजवळ कारण तयार.

जत्रेच्या दिवशी दुपारी एक बाई नातीसाठी पांढरा फ्रॉक बघत होती. मी वाकून घडी उलगडली आणि फ्रॉकवर लाल ठिपका पडला. मग दुसरा. बाई म्हणाली, "काऊन जी, रंग जाते का याचा?" मी सवयीने म्हणालो, "पक्का आहे बाई, गॅरंटी." तेवढ्यात नाकातून धारच लागली. मी नाक दाबले, एक फ्रॉक भरला, दुसरा भरला, रक्त काही थांबेना. समोर वैनगंगेचे पात्र उजवीकडून डावीकडे गेले आणि मी गठ्ठ्यावर बसलो. गर्दी जमली. कोणी कांदा आणला, कोणी चप्पल हुंगवली. तुमच्या गावचा लटारू तिथेच होता, त्याने एवढेच पाहिले आणि माझ्या मरणाची बातमी घेऊन बस पकडली.

जत्रेतल्या दवाखान्याच्या तंबूतून चंचल नावाची सिस्टर आली. वयाने शाजियाएवढी. तिने मला पुढे वाकवून बसवले, नाक चिमटीत धरले आणि छातीवरचा व्रण पाहून विचारले, "काका, रक्त पातळ कराची गोळी घेता?"

"हो."

"आनखी कोनती?"

"काहीच नाही."

"काका, नाकातून रक्त जाऊन राह्यलं अन् तुम्ही खोटं बोलून राह्यले. खिसा दाखवा."

पट्टी निघाली. तिने ती पाहिली आणि जीपवाल्याला हाक मारली. वाटेत तिनेच समजावले की दुखण्याची ती गोळी पोटाला आतून जखम करते, आणि पातळ रक्त त्या जखमेतून वाहतच राहते. माझ्या पोटात आठवडाभर हेच चालले होते आणि मी चटणीला दोष देत होतो.

गडचिरोलीच्या दवाखान्यात आकडा सहाच्या वर निघाला. डॉक्टरांनी रक्त गोठायचे इंजेक्शन दिले, पण अंगात रक्तच कमी उरले होते. दोन बाटल्या पाहिजे होत्या. एक मिळाली. दुसरीसाठी धावपळ सुरू झाली तेव्हा पोलीस कॅम्पातला आदेश नावाचा शिपाई आला. मी शिवलेली पॅन्ट घालून आला, आणि ती दोन बोटे आखूड होती. मागच्या महिन्यात याच पॅन्टवरून मी त्याला सांगितले होते, पॅन्ट बरोबर आहे, तुझीच उंची वाढली.  तो माझ्या शेजारच्या खाटेवर आडवा झाला आणि बाही वर केली. त्याचे उघडे घोटे पाहत मी पडून होतो. तेवढी शरम मला आयुष्यात वाटली नाही.

सुरय्या रडली नाही, ओरडली नाही. दिवसभर खाटेजवळ बसून राहिली. मला जरा हुशारी आल्यावर म्हणाली, "मराचंच होतं तं नागपूरलेच मराचं. चार महिने एवढी भाजी कायले निवडली मी?" आणि उठून खिडकीकडे गेली. पाठ हलत होती.

आता बरा आहे. पातळ करायची गोळी काही दिवस बंद होती, डॉक्टरांनी मोजून मापून पुन्हा सुरू केली आहे. आदेशच्या पॅन्टी आता मी हयातभर शिवणार.

सुरय्या, शाजिया यांचा सलाम.

तुझा,
कमरुद्दीन

ता. क. – लटारूला सांग, माझ्या दुखवट्याला उभी राहिलेली माणसे मोजून ठेव, म्हणजे खऱ्या वेळी किती घटली ते कळेल.

ता. क. २ – परवा रुखमावहिनी दुकानात आल्या होत्या. ब्लाऊजचे माप द्यायला, असे त्यांनी तुला सांगितले असेल. माप दिले नाही. रडल्या आणि सगळे सांगितले. विहिरीवरून घरी येईपर्यंत तू दोनदा खाली बसतोस, डावा हात चोळतोस आणि 'गॅस आहे' म्हणतोस. नागपूरला चल म्हटले तर म्हणतोस, "कमरुद्दीनचं पाह्यलं ना काय झालं?" तर नीट ऐक. मला जे झाले ते ऑपरेशनने नाही, माझ्या अकलेने झाले. ऑपरेशनआधी मी घरून दुकानापर्यंत तीनदा थांबत होतो. आज सकाळी एकदाही थांबलो नाही.

ता. क. ३ – इथल्या डॉक्टरांशी बोललो आहे. त्यांनी एक दिवसही थांबू नका म्हटले. पत्र मिळेल त्याच दिवशीच्या बसने ये, आणि त्याआधी छातीत दुखले तर मिळेल त्या गाडीने नीघ. खिशातली प्रत्येक गोळी घेऊन ये. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तिथल्या दवाखान्याच्या संडासात नळ सोडून रडलो होतो, हे सुरय्यालाही माहीत नाही. तुला भीती वाटत असेल तर तोच नळ तुला दाखवतो, नागपूरला मी सोबत येणार आहे.