मोठ्या गटातले उदक, तरू आणि कुंजर

३ फेब्रुवारी, सोमवार
संस्थेच्या हायस्कूलमध्ये जूनपासून मराठीची जागा रिकामी होतेय. अध्यक्ष गुरुबसप्पा अण्णा म्हणाले, सत्तावीसला मराठी दिन हाय, मोठ्या गटाचं कायतर झकास दाखवा अभिमन्यू सर, मग बघू की. 'बघू की' म्हणजे झालंच. एम.ए. मराठी, बी.एड. झालेला माणूस शुक्रवार पेठेतल्या बालवाडीत पाच वर्षांच्या पोरांची नाकं पुसतोय, हे त्यांनाही खटकत असणार. बाकीचे वर्ग नाचणार. मी समानार्थी शब्द घेणार. मुख्याध्यापिका ऋतुजा मॅडम म्हणाल्या, या वयात एका गोष्टीला एक शब्द नीट आला तरी पुष्कळ. बाईंना व्हिजन नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
पाणी म्हणजे जल, नीर, उदक, तोय. पन्नास वेळा म्हणून घेतलं. मग विचारलं. मनालीला शू लागली. धर्मपाल म्हणाला, डबा कधी? संघप्रिया झोपली. दोष मेथडचा आहे, माझा नाही. मेथड माझीच, पण तो मुद्दा वेगळा.

६ फेब्रुवारी, सकाळी ६.३०
अंघोळ करताना सुचलं! एका पोराला चार शब्द कशाला? एका पोराला एकच शब्द द्यायचा आणि तेच त्याचं नाव. रोज त्याच नावाने हाक मारली की विसरेल कसा? चौघं पाण्याची, चौघं झाडाची, चौघं हत्तीची. हे शिक्षणशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात नाही. मी लिहीन तेव्हा येईल.

१० फेब्रुवारी, सोमवार
मेथड सुपरहिट. हजेरीही तशीच घेतो, कॅटलॉग उघडावाच लागत नाही. मनाली उदक, संघप्रिया तरू, धर्मपाल कुंजर. धर्मपाल अंगाने काडी आहे, पण कुंजर म्हटलं की 'हजर' असं ओरडतो की खिडकी वाजते. मला अजून 'मॅडम' म्हणतात. ते नंतर बघू.
नागूबाई मावशींनी विचारलं, सर, ही पोरं नावं इचारली की असलं काय बोलत्यात? स्टाफला सगळं सांगत बसलो तर काम कधी करणार?

१५ फेब्रुवारी, शनिवार
संघप्रियाची आई आली. म्हणे, सर, पोरगी हाकंला ओ देईना, मी संघप्रिया न्हाय, तरू हाय म्हनती. भवानी पेठेतनं आज्जी आलती, तिलाबी तेच सांगितलं, आज्जी रडाया लागली की. मी शांतपणे समजावलं की याला इमर्शन म्हणतात, मूल भाषेत बुडवायचं. त्या म्हणाल्या, ते काय असंल ते असूद्या, पन तिचं नाव आमी लई विचार करून ठिवलंय. पालकांचं सहकार्य शून्य.

२० फेब्रुवारी, गुरुवार
धर्मपाल घसरगुंडीवरून पडला. गुडघा फुटला, फार नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी नाव विचारलं, तो म्हणाला कुंजर. केसपेपरवर तेच लागलं. ऋतुजा मॅडम माझ्यावर ओरडल्या, आजच्या आज हे बंद करा. म्हटलं, सत्तावीसनंतर. वेदनेतही शब्द विसरला नाही, हे एकाच्याही लक्षात आलं नाही. हायस्कूलसाठी नवीन पँट शिवायला टाकली.

२६ फेब्रुवारी, बुधवार
महाशिवरात्रीची सुट्टी. भाषण पाठ. अण्णा शाल घालतील तेव्हा चेहरा नम्र कसा ठेवायचा, याची आरशासमोर प्रॅक्टिस केली. जमतोय. जरा जास्तच जमतोय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
मुलं तीन ओळींत उभी: पाणी, झाड, हत्ती. पुढे मनाली, संघप्रिया, धर्मपाल. मी सुरुवात करणार, तेवढ्यात अण्णांनी हौसेने माईक ओढून घेतला. पोरांनो, झाडाला आनखी काय म्हनत्यात? मी विंगेत हात जोडले.
अख्खा वर्ग ओरडला, संघप्रिया!
पाण्याला? मनाली!
हत्तीला? धर्मपाल!
मांडव हसून हसून आडवा. अण्णांनी डोळे पुसत संघप्रियाला जवळ घेतलं, बाळ, तुजं नाव काय? ती म्हणाली, तरू. पुन्हा हशा. तिसऱ्या रांगेत तिची आई तेवढी हसत नव्हती.
तसं बघितलं तर उत्तरं बरोबरच होती. उलटीकडून आली, इतकंच. माझं भाषण वेळेअभावी रद्द.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
अण्णा एवढे हसले म्हणजे खूश आहेत. शाल गडबडीत राहिली असेल. पँट आणली. फिटिंग फर्स्टक्लास.

१ मार्च, शनिवार
अण्णांचा फोन. हायस्कूलला दुसरे सर घेतले. मला जूनपासून छोटा गट. म्हणाले, तिथली पोरं अजून धड बोलत न्हाईत, तुमालाबी मोकळं अन् आमालाबी घोर न्हाय की.
छोटा गट म्हणजे भाषेची पायाभरणी, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

३ मार्च, सोमवार
ऋतुजा मॅडम वर्गात येऊन बसल्या. आजपासून हजेरी खऱ्या नावांनी, कॅटलॉग बघून. मनाली, संघप्रिया, धर्मपाल झाले. पुढचं नाव मानसिंग. कुणीच हजर म्हणेना. मॅडमनी विचारलं, सर, यातला मानसिंग कोणता? मी एकेका तोंडाकडे बघितलं. नीर, तोय, द्रुम, गज. पोरं जूनपासून माझ्यासमोर बसतात. मला सांगता येईना.
शेवटी मनाली उठली. तिने एका मुलाला हाताला धरून माझ्यासमोर आणून उभं केलं आणि मला म्हणाली, मॅडम, ह्यो मानसिंग.