कागदावरची बहीण

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

मी त्याची बहीण आहे म्हणे!

पालघरला माजी सैनिकांच्या ऑफिसात आज हे कळलं. गेलो होतो माझं दवाखान्याचं कार्ड काढायला. जानेवारीत ह्याच्या छातीत दुखलं, तेव्हापासून डॉक्टर मागे लागलेत – मुंबईला लष्कराच्या दवाखान्यात दाखवा, बायकोचंही कार्ड काढून घ्या. ऑफिसातले ज्ञानेश सर साताऱ्याकडचे, स्वतः सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांनी कंप्युटर उघडला. बघितलं. परत बघितलं. मग पडदाच माझ्याकडे वळवला.

नायक मंगळ्या. अविवाहित. जवळचे नातेवाईक – जिवली. नातं – बहीण.

मी मोठ्याने हसले. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. कागदावर हा ब्रह्मचारी, आणि घरी दोन पोरं, तीन नातवंडं!

सर हसले नाहीत. म्हणाले, "ताई, दुरुस्ती होते. पण अर्ज त्यांचा लागतो, सही त्यांची लागते. ते आहेत तोवर करून घ्या. मागाहून फार अवघड." म्हणजे हा आधी गेला तर मी जन्माची बहीण. एवढं न कळण्याइतकी मी खुळी नाही.

हा शेजारी बसून टोपी चाचपत होता.

५ फेब्रुवारी

आज त्याला चुलीपुढे बसवलं आणि विचारलं. एक एक शब्द ओढून काढावा लागला.

रूपेश झाला त्या वर्षीची गोष्ट. रजेवरून पलटणीत परत गेला आणि माझं-पोराचं नाव लावायला क्लार्ककडे गेला. क्लार्कने विचारलं, "शादी कब हुई?" ह्याने सांगितलं, "साब, शादी नाय हुई. औरत है, लडका है."

खरं तेच बोलला! आमच्यात आधी घर करतात. लग्न पुढे, जमेल तेव्हा. पोरांच्या लग्नाआधी आपलं उरकलं म्हणजे झालं. माझ्या आईचं माझ्या थोरल्या भावाच्या मांडवात लागलं, मी स्वतः नाचले त्यात. कोणी नाक मुरडत नाही. पण त्या क्लार्कला हे कुठून ठाऊक असणार? दुसरा कोणी असता तर ठोकून दिली असती एखादी तारीख. हा पडला सरळ बांबू.

"मंग?"

"मंग काय. त्यांनी बहीन लिवलं."

"आन तू?"

"मी काय बोलनार. हुकूम हाय."

हुकूम हाय! बावीस वर्षं बंदूक खांद्यावर घेतली, पण घरात शिरलेल्या कुत्र्याला हाड म्हणायला अजून मलाच उठावं लागतं. बायकोला बहीण लिहिलं आणि हा गप्प बसला. मला फार लागलं. फार.

१० फेब्रुवारी

धाकट्या नातवाने फोनवर विचारलं, "मग आता तुला आत्याआजी म्हणू?" रूपेशला चांगला झापला. पोरांसमोर बोलायचं काय कारण?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

परत पालघर. बोईसरहून एसटीत उभं राहून गेलो, गुडघ्यापायी हा एका पायावर, मी दोन्ही पायांवर रागावलेली.

सरांनी सोपा रस्ता सांगितला. आमचं लग्न २०१४ ला झालं, ग्रामपंचायतीत नोंद आहे. ‘निवृत्तीनंतरचं लग्न’ असा अर्ज करायचा. दोन महिन्यांत नाव लागतं, कार्ड मिळतं, विषय संपला.

लग्न झालं होतं खरं. रूपेशच्याच मांडवात, त्याच्या आदल्या दिवशी. भट नाही, लखमी धवलेरीने गाणी म्हणून लावलं, आमच्यात धवलेरी बाईच लग्न लावते. मी त्रेचाळीस वर्षांची नवरी! हळद लागली तेव्हा आमची पोरगी दीपिका हसून हसून लोळली – "आयेचं लगीन, आयेचं लगीन!"

मी सरांना म्हणाले, तेव्हा रूपेश तेवीसचा होता, दीपिका वीसची. २०१४ लिहिलं तर ही दोघं कोणाची? बहिणीची? मी घर केलं ते १९८९ ला. तेच लिहा.

सर म्हणाले, "ताई, त्याला पुरावा काय?"

त्यांच्या डोक्यावर भिंतीवर केवढं मोठं आमच्या आदिवासींचं चित्र काढलंय. लग्नाचा चौक. मध्ये पालघाट देवी, बाजूला घोड्यावरचा देव. हा चौक लग्नाशिवाय काढत नाहीत, आणि काढतात बायकाच. सरकारला भिंतीवर आमचं लग्न शोभतं, कागदावर चालत नाही! हे मी बोलून दाखवलं. सरांनी मान वर करून चित्र बघितलं. बहुतेक पहिल्यांदाच.

१९ फेब्रुवारी

रूपेशचा सरावलीहून फोन. कारखान्यातून सुटला होता, दमलेला होता. "आये, कार्ड मिळतंय ना? मंग तारखेचं काय धरून बसलीस? बाची तब्येत बग."

"तुला बिनबापाचा लिवू दे का मंग?" मी म्हणाले. त्याने फोन ठेवला.

थोड्या वेळाने सून तेजलचा फोन. हळू आवाजात – "आये, तुमी बरोबर हाव." बस, एवढंच. पण बरं वाटलं.

३ मार्च, सोमवार

कोर्टाबाहेर टायपिंगवाला आनंदा बसतो, त्याच्याकडे प्रतिज्ञापत्र करायला गेले. त्याने ऐकून घेतलं आणि टाइप करायला बोटं मोकळी केली. "मावशी, एवढं कशाला? एकोणनव्वदला देवळात लग्न झालं लिहितो. दोन साक्षीदार मी देतो. पुजारी काय, वारलेला दाखवू."

मी म्हणाले, देवळात मी कधी लग्न केलं नाही आणि न मेलेल्या पुजाऱ्याला मी मारणार नाही. अंगणवाडीची सेविका आहे मी. एका पोराचं वजन शंभर ग्रॅम चुकलं तर सुपरवायझर माझं डोकं खाते. अठ्ठावीस वर्षं खरं लिहिलं, आता स्वतःचंच खोटं लिहू?

आनंदा म्हणाला, "खरं लिहिणाऱ्याचं काम होत नाय मावशी."

बघू या की. मी त्याला सांगून सांगून खरं तेच टाइप करायला लावलं – ‘मार्च १९८९ पासून आम्ही नवरा-बायको म्हणून एका घरात राहतो. आमच्या रिवाजाप्रमाणे लग्नविधी २०१४ साली झाला.’ टाइप करताना दोनदा माझ्याकडे बघितलं मेल्याने.

११ मार्च

मोहाची फुलं गळायला लागलीत. ह्याच दिवसांत मी ह्या घरात आले. एक लुगडं, एक टोपली. सासूने उंबऱ्यात तांदळाची मूठ दिली आणि म्हणाली, "ये, चूल तुजी." ह्याहून मोठं लग्न असतं का? हा तेव्हा दारामागे उभा राहून लाजत होता. नवीनच शिपाई, डोक्याचे केस बारीक कापलेले, कान एवढाले.

२४ मार्च, सोमवार

ग्रामपंचायतीतून दोन्ही पोरांच्या जन्माचे दाखले काढले. आईचं नाव जिवली, बापाचं मंगळ्या. पाड्यातल्या पाच जुन्या माणसांचे अंगठे-सह्या घेतल्या. धर्माजी तर म्हणाला, "ही आली तवा मीच ताडी पिऊन पडलेलो, लिव तसं." नाही लिहिलं.

सरांनी सगळं तपासलं. म्हणाले, दाखल्यांनी पोरं सिद्ध होतात, बायको नाही. आता एकच – रेकॉर्ड ऑफिसातून पूर्ण जुनी फाइल मागवू. ‘बहीण’ कोणी लिहिलं, कोणत्या कागदावर लिहिलं, खाली सही कोणाची आहे, ते दिसेल.

तेव्हा हा बोलला. "फाइल नको."

सर म्हणाले, का?

"नको म्हन्तो ना! नको!" आवाज चढला होता. मी बघतच राहिले. छत्तीस वर्षांत मी ह्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, फाइलीत शिक्षेच्या नोंदी पण येतात, लाल शाईच्या. माणसाला लाज वाटते. मी म्हणाले, ते होय! ती तर पाड्याला ठाऊक आहे. रूपेश झाला तेव्हा रजा संपली तरी हा अकरा दिवस घरीच राहिला. त्याची लाल नोंद झाली आणि त्यापायी हवालदाराची फीत, म्हणजे बढती, गेली, असं ह्यानेच पुढच्या रजेत सांगितलं. मी ह्याला तेव्हापासून रजाचोर म्हणते. हा ओ देतो.

पण त्याची लाज आज कशाला? घरी येईपर्यंत डोक्यात नको ते आलं. तिकडे दुसरी कोणी होती का? तिचं नाव आहे का फाइलीत? म्हणून मी बहीण?

२५ मार्च

तोंडावर विचारलं. "दुसरी व्हती?"

माझ्याकडे असं बघितलं की मीच खाली बघितलं. मग टोपी उचलून बाहेर गेला. फाइल मागवायच्या अर्जावर सही पण नाही केली.

२७ मार्च

चहा बंद. सही करील तेव्हा चहा. बसू दे.

२९ मार्च

तिसऱ्या दिवशी केली सही! डबा उघडून साखर हुडकत होता, मी अर्ज पुढे ठेवला. पेन घेतलं. म्हणाला, "जिवली, वाचून मना काय बोलू नको." मी म्हणाले, ते मी ठरवीन. दोन कप दिले.

७ एप्रिल

अर्ज, प्रतिज्ञापत्र, दाखले – रजिस्टर पोस्टाने रवाना. पावती अंगणवाडीच्या रजिस्टरात ठेवलीय. तिथून हरवत नाही काही.

६ मे

काल मुंबईला नेलं. नळी घालून काळीज तपासायचं होतं. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "आप पेशंट की कौन?"

"बायको."

"इधर तो बहन लिखा है."

"कागदाला दिसत नाय. तुमाला दिसतंय ना?" मी म्हणाले. तो बिचारा चांगला होता, पण संमतीच्या फॉर्मवर माझी सही घेईना. बहिणीची चालली असती, पण मी बहीण म्हणून सही करीना! रूपेशला पुढे केलं तर त्याचं नावच नाही. हा ह्या माणसाचा कोणीच नाही! शेवटी ह्याने पडल्या पडल्या स्वतःच सही केली. मला म्हणाला, "कर ना बहीन म्हनून. काय बिगडतंय?"

"माजं बिगडतंय," मी म्हणाले.

बाहेर बाकावर बसले. तिथे मात्र रडले. हट्टापायी हा माझ्या हातातून गेला असता तर? खरंच गेला असता तर? पण डोळे पुसले आणि ठरवलं, तरी नाही. ज्याच्यासाठी भांडते त्याच्याच उशाशी खोटी सही करायची, हे मला जमणार नाही.

नळी नीट गेली. एक शीर अर्धी बंद आहे, गोळ्यांवर भागेल म्हणतात. तीन महिन्यांनी परत.

२० मे

उत्तर नाही. करवंदं पिकून संपत आली.

२ जून, सोमवार

स्मरणपत्र पाठवलं. सर म्हणाले, "ताई, तुम्ही फौजेत हव्या होतात." मी म्हणाले, घरातून एकच गेला आणि तो हा निघाला. हा शेजारी बसून हसला. आता बरा दिसतो. पण फाइलीचं नाव निघालं की उठून बाहेर जातो.

१७ जून

सरांचा फोन. फाइल आली. फोनवर काही सांगेनात. "उद्या दोघं या. तुम्ही नक्की या." आवाज वेगळाच होता. ह्याला सांगितलं तर म्हणतो, माझा गुडघा दुखतो. गुडघ्यासकट नेणार आहे.

१८ जून

पान चौदा. लाल शाई. सरांनी इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं, मी तिथेच उतरवून घेतलं –

‘६ फेब्रुवारी १९९१. हुकूम मोडला. सोबत राहणाऱ्या स्त्रीची नोंद बहीण म्हणून करण्याच्या कागदावर सही करण्यास तीन वेळा नकार. विचारले असता प्रत्येक वेळी म्हणाला, ती माझी बायको आहे. सात दिवस कैद.’

रजेचं, उशिराचं कुठेच काही नाही. पुढच्या पानावर ‘बहीण’. खाली त्याच्या सहीची जागा कोरी. सर म्हणाले, "ताई, आता दुसरा पुरावा लागत नाही."

एसटी स्टँडवर विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणाला, "तुला वाटलं असतं, तुज्यापायी फीत गेली."

चौतीस वर्षं मी ह्याला रजाचोर म्हणून हाक मारली. आणि हा ओ देत राहिला.