पैलवानाच्या पोटऱ्या

प्रिय शेंडेफळास,

तुझ्याविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. चष्म्याला लावायची जी दोरी तू मोठ्या कौतुकाने पाठवलीस, ती गळ्यात घालून मी वर्गात गेलो आणि एरवी मी संस्कृतातून ओरडलो तरी न हलणारी मुलं चक्क उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, तपासणीला कोणी साहेब आले! एका दोरीने तू माझं वार्धक्य जाहीर केलंस. यास्तव निषेध.

आता ताईकडची बातमी, जी टाळत होतो. तिच्या लेकाचे रिपोर्ट आले. पोटऱ्या बघून आपण सगळेच त्याला पैलवान म्हणायचो ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती ताकद नव्हेच. स्नायू टिकवणारं एक प्रथिन त्याच्या शरीरात तयारच होत नाही. स्नायू झिजत जातात आणि त्यांच्या जागी चरबी साठून पोटऱ्या भरदार दिसतात. आधी पाय, मग हात, पुढे श्वास आणि हृदय. औषधांनी वेग कमी होतो, आजार थांबत नाही. जमिनीवरून उठताना तो गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठतो. ही त्या आजाराची खूण. मी बघत बसलो तर म्हणतो कसा, मामा, तू पण तसाच उठतोस की! खरंय. फक्त मी पन्नाशीचा आणि तो सहा वर्षांचा.

बाईंनी नीट समजावलं, की हे आईकडून मुलग्यात येतं, पण त्यात आईची काही चूक नसते. ताईने वाक्याचा पहिला अर्धाच ऐकला. तेव्हापासून ती घासलेली भांडी पुन्हा घासत असते. मला बजावलं, धाकटीला एवढ्यात कळवू नकोस, उगाच धसका घेईल.

मी बरं म्हटलं आणि घरी येऊन हे लिहायला बसलो. कारण बायकांमध्ये हे बहुधा त्रास न देता लपून राहतं; ताईला ते आपल्या आईकडून आलं असेल, तर तुलाही आलेलं असू शकतं. नसेलही. परवा तू तुझ्या लेकाचा, पिल्लाचा व्हिडिओ पाठवलास. चेंडूमागे धावताना पडला, हसला, उठला. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी त्याचे हात बघत होतो. उठताना त्याने एक हात गुडघ्यावर टेकला. तीन वर्षांची मुलं टेकतातही, असं मी स्वतःला सांगतो आणि पुन्हा व्हिडिओ लावतो. मला त्यातलं काही कळत नाही गं. त्याचं रक्त तपासून घे, तुझंही. मी सोबत येतो. मला खूप भीती वाटते आहे.

तुझाच,
दादा