कापलेले अर्धे पान

मी, आनंद रामचंद्र केसकर, वय ७२, निवृत्त विज्ञानशिक्षक, राहणार बारामती, डोके ठिकाणावर असताना व कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. सोमवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे. मुलगी दीप्ती म्हणते, घाई कशाला. घाई आहे.

१. घर व ठेवी पत्नी इंदिरा हिच्या, तिच्या पश्चात दीप्तीच्या.

२. माझ्या किशोर कादंबऱ्यांना पोरखेळ म्हणणारा पुतण्या केयूर याला माझा सूक्ष्मदर्शक द्यावा. एकदा तरी डोळा लावून बघावे.

३. अकराही कादंबऱ्यांचे हक्क दीप्तीकडे. सातवी मात्र तिच्यातून कापलेले अर्धे पान परत घातल्याशिवाय छापू नये. त्या कादंबरीत नायिका प्रगती विहिरीत कंदील सोडते, तो विझत नाही, म्हणजे हवा चांगली, म्हणून उतरते. शेणाच्या टाकीत ही परीक्षा चालत नाही, तिथे कंदील जळत असतानाही विषारी वायूने माणूस मरतो, असे मी अर्धे पान लिहिले होते. गोष्ट रेंगाळते म्हणून मीच कापले. वडगाव निंबाळकरच्या निकिताने पत्रातून विचारले होते, "सर, आमच्या गोबरगॅसच्या टाकीलाबी हेच चालतं का?" मी नव्या कादंबरीत गुंग होतो, उत्तर दिले नाही. नवव्या दिवशी टाकीत पडलेले करडू काढायला ती आधी कंदील खाली सोडून बघून उतरली, ती जिवंत वर आली नाही. मला माझी लाज वाटते.

४. तिचे वडील रावजी दारात आले तेव्हा मी मार खायच्या तयारीने उभा होतो. ते म्हणाले, "गुर्जी, रडून काय हुतंय? बाकीची पुस्तकं कुठं कुठं हायती ते सांगा." आम्ही दोघांनी शाळाशाळांत जाऊन सापडलेल्या प्रत्येक प्रतीत ते पान चिकटवले. इंदापूर तालुक्यातल्या तीन शाळांच्या प्रती सापडत नाहीत.

५. काल पोस्टकार्ड आले. "सर, शाळेचं पुस्तक वाचलं. रविवारी आमी आमच्या शेणाच्या टाकीत उतरणार हाय. कंदील घेतलाय. सूरज." गावाचे नाव नाही, शिक्का इंदापूरचा. शाळांना सुट्टी आहे. तिन्ही गावच्या पोलीस पाटलांना निरोप दिले, अजून उत्तर नाही. मला अंथरुणावरून उठायची बंदी आहे. पान रावजींच्या पिशवीत ठेवले आहे.

६. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आलो, तर आधी सूरजचे सांगावे, माझे नंतर.

सही: आनंद रा. केसकर

साक्षीदार:
१. डॉ. अजित गोडसे, बारामती
२. रावजी खोमणे, वडगाव निंबाळकर. सही केली. दोनची इंदापूर गाडी धरतो.

स्थळ: बारामती
दिनांक: शनिवार, १० मे २०२५