गगनबावड्याच्या अँटेनाचा आकडा

कोल्हापूर,
१८ जुलै १९८७

प्रिय अंबू,

वैताग आलाय नुसता. गगनबावड्याच्या बिनतारी केंद्राची अँटेना कालपर्यंत कागदावरच होती. घाटात पाऊस कोसळतोय, दरड पडली तर खाली खबर द्यायला तिथं एक जुना, अर्धा मुका सेट. आणि मी इथं कॉलेजच्या कॉम्प्युटरसमोर त्या अँटेनाच्या एकाच नळीचं गणित बाविसाव्यांदा करत बसलेली.

तुला सांगायला नको, आपला प्रोग्रॅम नळीचे मनातल्या मनात तुकडे पाडतो आणि प्रत्येकातला प्रवाह काढतो. तुकडे वाढवत नेले की उत्तर हळूहळू एका जागी थांबायला हवं. पुण्याच्या कॉम्प्युटर केंद्रात तू हीच नळी मांडलीस, तुझं थांबलं. माझं? अकरा तुकड्यांना एक लांबी, एकवीसला दुसरी, एक्केचाळीसला भलतीच! मधेच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. शिरोलीत नळी कापून देणारे हुसेनभाई तीनदा कापून कंटाळले. परवा सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, "मॅडम, कालचा आकडा खरा का आजचा? नळी काय रबराची हाय व्हय?" मला हसूही आलं नाही.

वसतिगृहात एका टेबलावर गणितं सोडवताना माझं उत्तर चुकलं की तू न बोलता तुझी वही माझ्याकडं सरकवायचीस. त्याचा मला रागच यायचा. यावेळी तुझा आकडा आला तेव्हाही तोच राग आला. तूच काहीतरी चुकीचं टाइप केलं असणार, असं मी धरून चालले.

काल हुसेनभाईंनी नळीला कॅलिपर लावला. "पंचवीस मिलिमीटर. तुमच्या यंत्रात व्यास किती घातलाय?" मी तोऱ्यात म्हणाले, पंचवीसच! आणि तिथंच चूक दिसली. प्रोग्रॅम त्रिज्या मागतो, अंबू. साडेबारा. दीड महिना मी व्यास भरत होते. जाडी दुप्पट झालेली, त्यामुळं तुकडे जरा बारीक केले की ते लांबीपेक्षा जाडच जास्त व्हायचे आणि गणित भरकटायचं. साडेबारा घातले, दुपारपर्यंत तुझाच आकडा आला. तंतोतंत. आज नळी कापून झाली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या महिन्यात तू कळवलं होतंस, कोणीतरी साहेबांकडं तुझ्या हलगर्जीपणाची तक्रार केली आणि तुला कॉम्प्युटरवरून काढून फायली लावायला बसवलं. मी उलट टपाली तुला धीर दिला, तक्रार करणाऱ्याला चार शिव्याही घातल्या. ती तक्रार माझी होती. चूक माझी होती, असं साहेबांना आज सकाळी रजिस्टरनं लिहून धाडलंय. नक्कल सोबत आहे, जपून ठेव, कोणी विचारलं तर समोर टाक. पण त्यांच्या तोंडून कळण्याआधी तुला हे माझ्या हातचं मिळावं, एवढंच. मला उत्तर देऊ नये असं वाटलं, तर देऊ नकोस.

'तुझीच' लिहायचं की नाही, ते तू ठरव.

सलिमा