चार मानाचे खोके

बसवनगुडी, बंगळूर
११ ऑक्टोबर १९९८

ती. स्व. वन्सं यांना,

शुभदाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजावा. कंबर धरली आहे, वाकले तर उठवायला तुमचे बंधुराज लागतील आणि ते आत्ता पेपर तोंडावर घेऊन झोपले आहेत.) तुमचा गुडघा काय म्हणतो? धारवाडला थंडी सुरू झाली का? सूनबाई सकाळचा चहा तुम्हाला हवा तसा देते, की अजून नुसतं गरम दूधच पाजते? सगळं सविस्तर कळवा. इकडे हे ठीक आहेत. साखर आटोक्यात आहे, असं ते म्हणतात. म्हैसूरपाकाच्या डब्याचं म्हणणं वेगळं आहे.

तुम्ही दर पत्राच्या शेवटी एकच गोष्ट विचारता : भाऊजींनी केलेला स्पीकरचा खोका मंडळात वाजतो का? या वेळी मी उत्तर आधीच देऊन टाकते. वाजतो. आणि असा वाजतो की मंडळात दुसरा विषय नाही. ते कसं झालं हे सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं आहे, तेव्हा चष्मा लावा आणि निवांत बसा.

आमच्या वरच्या खोलीत राहणारा निहार तुम्हाला आठवत असेल. नागपूरचा, इलेक्ट्रॉनिक सिटीत कॉम्प्युटरवर काम करायचा, मागच्या खेपेला तुम्ही त्याला दाण्याची पोळी, तुमची ती शेंगाची होळगी, खायला घातली होतीत. तो मंडळाच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवायचा. (साधी गिटार नव्हे. हिला चारच तारा, त्याही सुतळीएवढ्या जाड, आणि आवाज इतका खालचा की कानापेक्षा छातीला आधी कळतो.) रविवारी जेवायला आला की तो ती माझ्या हातात द्यायचा. मी आधी गंमत म्हणून दोन तारा छेडल्या, मग आमटी उकळत ठेवून छेडू लागले, मग आमटी करपू लागली. दोन वर्षांत मला बऱ्यापैकी वाजवता यायला लागलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, वन्सं. बँकेत आकडेमोड, घरात डबे, मुलं आपापल्या गावी, आणि अचानक माझ्या बोटांखाली काहीतरी असं आलं की जे मला कुणी करायला सांगितलेलं नव्हतं. तुम्हाला हसू येईल, पण मी फार आनंदात होते.

जूनमध्ये निहारला कंपनीने अमेरिकेला पाठवलं. सन दोन हजार उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बिघडणार आहेत म्हणे, ते आधीच दुरुस्त करायला. जाताना त्याने गिटार मला दिली आणि ॲम्प्लिफायरही दिला, कारण तिकडची वीज आपल्या निम्म्या जोराची, हा तिथे चालायचाच नाही. पण हा ॲम्प्लिफायर म्हणजे नुसतं डोकं. आवाज बाहेर पडायला त्याला स्पीकरचा खोका जोडावा लागतो, आणि निहारचा खोका मित्राचा होता, तो मित्राकडे गेला. मंडळात पहिल्या सरावाला मी गिटार घेऊन गेले तर भीमाचार्यांनी उत्साहाने मंडळाचा घोषणांचा भोंगा पुढे केला. (भीमाचार्य अजून सेक्रेटरीच आहेत. दर वर्षी सोडतो म्हणतात, दर वर्षी आपण त्यांना आग्रह करतो.) भोंग्यातून माझा सूर असा निघाला की बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नसावी असं सगळ्यांना वाटलं. भीमाचार्यांनी लगेच सूचनाफलकावर लिहिलं : वाद्यवृंदासाठी स्पीकरचा खोका हवा आहे, सभासदांनी सढळ हाताने सहकार्य करावं.

आपल्या मंडळाचं सहकार्य तुम्हाला माहीत आहे. एरवी सतरंजी उचलायला माणूस मिळत नाही, पण कुणाची वस्तू व्यासपीठावर जायची असेल तर रांग लागते. आपल्या मंडळातल्या विश्वेश्वरने होसकोट्याच्या कारखान्यातल्या सुतारांकडून खोका करवून घेतला, तो आपल्या कपाटाएवढा, टेम्पोतून आला. भीमाचार्यांच्या मुलाने एक आणला, तो खरोखर गाण्याबजावण्याचा, चांगला दणकट. अंबूबाईंनी आपल्या दिवाणखान्यातला दिला, क्रोशाच्या झाकणासकट. (झाकण काढायचं नाही ही अट. धूळ बसते.) आणि चौथा भाऊजींचा. तो मंडळातच होता. हयवदनराव भाऊजींनी फॅक्टरीतून घरी आल्यावर स्वतः रंधा मारून केलेला, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या ठोकलेला. तुम्ही धारवाडला निघालात तेव्हा घराला कुलूप लावताना तुमच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तो खोका मंडळाच्या रिक्षात चढवताना आलं. मी पाहिलं होतं. तो वगळायची कुणाची हिंमत?

आता जरा शास्त्र. निहारने मला बजावून सांगितलं होतं, काकू, या ॲम्पला दोनच खोके, तिसरा नाही. का, तर प्रत्येक खोक्याच्या पाठीवर आठ ओहम असं लिहिलेलं असतं. दोन खोके शेजारी शेजारी जोडले की सोळा व्हायला हवेत, पण होतात चार. चार जोडले की दोन. आणि हा आकडा जितका लहान, तितका ॲम्पवरचा ताण मोठा. मी जन्मभर बँकेत बेरजा केल्या, मला हे पचायला आठवडा लागला. तुम्हाला सोपं सांगते. टाकी एक आहे असं समजा. दोन नळ सोडले तर दोन्हींना पाणी. चौघींनी एकदम चार नळ सोडले की टाकीखालचा पंप धापा टाकतो आणि शेवटी बंद पडतो. आमच्या ॲम्पचा पंप चार ओहमच्या खाली गेला की बंद पडतो.

हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. मीटिंगमध्ये तीन इंजिनियर होते. तिघांनी मान डोलावली आणि तिघांनीही विचारलं, पण मग कुणाचे दोन काढायचे? अंबूबाई म्हणाल्या की माझा काढा, माझं काय, आणि पदराने डोळे टिपले. म्हणजे तो काढण्याचा प्रश्नच मिटला. विश्वेश्वरच्या खोक्यासाठी टेम्पो केलेला. भीमाचार्य सेक्रेटरी. भाऊजी तर भाऊजीच. भीमाचार्यांनी सुवर्णमध्य काढला. म्हणाले, पालखीला चार खांदे असले की भार वाटला जातो, एकावर येत नाही. "शुभदाबाई, स्वल्प ॲडजस्ट करा. माणसं सांभाळायची असतात, यंत्र सांभाळून घेतं."

यंत्राने सांभाळून घेतलं नाही. गणपतीतल्या कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला ॲम्प इतका तापला की अंबूबाईंनी प्रसादाच्या शिऱ्याचं पातेलं त्यावर गरम राहायला ठेवलं. (शिरा छान झाला होता, सगळे म्हणाले.) त्यामुळे त्याला वारा मिळायचा तोही बंद झाला, आणि चौथ्या गाण्याच्या तोंडाला ॲम्प गप्प. मी वाजवत राहिले. एक गाणं, दोन गाणी, शेवटपर्यंत वाजवत राहिले, आवाज शून्य. आणि वन्सं, कुणालाही कळलं नाही. टाळ्या पडल्या. हे पहिल्या रांगेत बसून "वा" म्हणाले. पुढच्या मीटिंगला ठराव आला, की बेसचा आवाज तसाही ऐकू येत नाही, तेव्हा दसऱ्याच्या संमेलनात शुभदाबाईंच्या बोटांना उगाच त्रास नको. सगळं प्रेमाने. कुणी वाईट बोललं असतं तर मी भांडले असते. प्रेमाने बोलले म्हणून घरी येऊन रडले. ह्यांना वाटलं कांदा चिरते आहे. त्या दिवशी जेवायला दहीभात होता.

दोन दिवस गिटार पलंगाखाली ढकलून ठेवली. तिसऱ्या दिवशी भीमाचार्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, एकदा वाजवू द्या, या वेळी ऐकू नाही आलं तर पुन्हा नाव काढणार नाही. त्यांनी कॉफी दिली आणि म्हणाले की सरी, चालेल, पण चारही खोके व्यासपीठावर हवेत. एकाचाही मान कमी व्हायला नको. मी कबूल केलं. दसऱ्याला मी स्वतः सगळ्यांच्या आधी हॉलवर गेले, चारही खोके ओळीने मांडले, मागची सगळी जोडणी एकटीने केली (कंबर तिथेच गेली), आणि वरून काठाची चादर पसरून टाकली, वायरी दिसू नयेत म्हणून. ॲम्पवर कुणी पातेलं ठेवू नये म्हणून शेजारी समईही ठेवली, देवाच्या दिव्याला खेटून पातेलं कोण ठेवणार?

आणि वन्सं, वाजलं. पहिला खालचा सूर लागला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी हातातला चिवडा खायचा थांबवला. तबला आणि पेटी यांच्या खाली कुणीतरी जाड सतरंजी अंथरावी तसं गाणं त्या सुरावर बसलं. हे तर जागे होते, यावरून काय ते समजा. कार्यक्रम संपल्यावर आपट्याची पानं हातात घेऊन सगळे व्यासपीठापाशी आले, पण माझ्याकडे नाही, भाऊजींच्या खोक्याकडे. विश्वेश्वर म्हणाला, जुन्या लाकडाची गोष्टच वेगळी. एक इंजिनियर म्हणाला, बाकीच्या तिघांच्या खोक्यांतून नुसता आवाज येतो, सूर येतो तो हयवदनरावांच्यातून, मी कान लावून पाहिलं. भीमाचार्यांनी तिथेच जाहीर केलं की डिसेंबरात मंडळाच्या वर्धापनदिनी तुमचा सत्कार करायचा. माझी बेसही कायम झाली, ठराव एकमताने. तेव्हा जे काही झालं ते भाऊजींच्या खोक्याच्या पुण्याईने, असं सगळे म्हणतात आणि मीही म्हणते. चि. नातवाला आशीर्वाद, सूनबाईला चहाबद्दल माझ्या नावाने सांगा, आणि गुडघ्याला तीळतेल चोळा.

तुमची,
शुभदा

ता. क. : वर लिहिलेलं सगळं खरं आहे, एक सोडून. भाऊजींचा खोका वाजला नाही. त्याची वायर मी जोडलीच नव्हती. अंबूबाईंचीही नाही. दोघांच्याही वायरी चादरीखाली जातात आणि तिथेच संपतात. वाजले ते विश्वेश्वरचा आणि भीमाचार्यांचा, बरोबर चार ओहम. मान चौघांचा, वीज दोघांना. मी हे मंडळाच्या तोंडावर लपवलं त्याचं मला फारसं काही वाटत नाही. पण तुम्ही दर पत्रात विचारता आणि मी पहिल्याच पानावर "वाजतो" असं लिहून बसले, ते पाकीट चिकटवल्यावर मनाला लागलं. म्हणून पाकीट पुन्हा उघडलं.

ता. क. २ : भाऊजींचा खोका काढला तो केवळ आकड्यासाठी नाही. गणपतीच्या सरावात मी त्याला कान लावला होता. माझ्या खालच्या सुराला त्याच्या आतल्या स्पीकरचा कागद फडफडायचा, म्हाताऱ्या माणसाला खोकला यावा तसा. अजून एक कार्यक्रम झाला असता तर फाटला असता. भाऊजींनी तो बेससाठी केलाच नव्हता. रागावला असाल तर धारवाडहून रागवा, पण भीमाचार्यांचं आमंत्रण येईल ते परत पाठवू नका. शाल घ्या, नारळ घ्या, खोक्याबद्दल कुणी काही म्हटलं तर गंभीरपणे मान हलवा. तुमच्या बंधूंना यातलं काही माहीत नाही. सगळ्यांत मोठ्याने तेच सांगत सुटले आहेत की आवाज भाऊजींच्याच खोक्यातून येत होता, तेव्हा त्यांच्यासमोर हसू नका.

ता. क. ३ : खरं काम हे आहे. मंडळाच्या कपाटात माइकचा जुना छोटा ॲम्प्लिफायर सापडला, भाऊजींनीच आणलेला. काल हॉलवर कुणी नसताना मी त्याला त्यांचा खोका जोडला आणि माइकमध्ये "हॅलो" म्हटलं. वन्सं, इतका स्वच्छ आवाज आला की मी दोनदा मागे वळून पाहिलं. ती दोघं एकमेकांसाठीच आहेत. तो खोका बोलण्या-गाण्यासाठी केलेला आहे, आणि मंडळात तेव्हा गाणारं तुमच्याशिवाय कोण होतं? भाऊजी गेल्यापासून तुम्ही गायला नाहीत. वर्धापनदिनी सत्काराला उत्तर म्हणून भाषण नको, एक गाणं म्हणा, त्यांच्या खोक्यातून. मी बाजूला बसून हळू वाजवीन, माझे दोन खोके वेगळे. पट्टी कोणती ते उलट टपाली कळवा. दात नवे बसवलेत आणि चकली चावता, हे सूनबाईकडून मला कळलं आहे, तेव्हा दातांची सबब चालणार नाही.